बंदरावरच्या दगडापाशी ठेवलेलं पान

कॉर्क, आयर्लंड
मे २०२१

नाही, इथले दगड बघून मला कंटाळा आलेला नाही, गुडघे दुखतात एवढंच. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते, म्हणजे पुढच्या पत्रात विचारायला नको.

चि. उपेंद्र, तुला आणि घरातल्या लहानथोरांना अक्काचे आशीर्वाद. तुझी शुगर कशी आहे? जेवणाआधीची गोळी जेवणाआधीच घे. लस मिळाली का? मी ठीक आहे. तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले, त्याला सव्वा वर्ष झालं. परतीच्या विमानाची तारीख विचारायचं मी आता सोडून दिलंय.

हे गाव म्हणजे जुनं बंदर. सगळा हिवाळा घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी (पोलीस गोड बोलून परत पाठवायचे), म्हणून शशिकांत मला धक्क्यावर फिरायला न्यायचा. तेवढ्यात पाट्या किती? इथे कोणी जन्मला, पाटी. इथे कोणाला गोळी लागली, पाटी. इथून कोणी बोटीत बसून गेला तो परत आलाच नाही, त्याचीही पाटी. शशिकांत औषधाच्या कारखान्यात मोठा साहेब, पण पाटी दिसली की शाळेतल्यासारखा मोठ्यानं वाचतो, मग मला मराठीत सांगतो, तोवर मी गारठते. एका मनोऱ्याला चार बाजूंना चार घड्याळं, आणि पूर्वी म्हणे चारही वेगवेगळी वेळ दाखवायची. त्याचंही कौतुक. आपल्या स्टँडवरचं घड्याळ कधीपासून बंद आहे, त्याला कोणी पाटी लावली का? मला पटली ती एकच गोष्ट. जुनी तोफ उलटी जमिनीत पुरून तिला बोटी बांधायचे. कामाला लावली, विषय संपला.

म्हणून तुला सांगते, घाटावर ह्यांच्या नावाचं बाकडं बसवायचं जे तू काढलंयस, संगमरवरी पाटी, आमदाराला बोलावणं, ते सगळं बंद कर. माणूस गेला तेव्हा लॉकडाऊनात चौघांत तू भावाला अग्नी दिलास, मी इथून फोनवर बघितलं, तेही मधेच अडकलं. आता पाटी लावून काय होणार आहे.

आता वर्षश्राद्धाचं. शशिकांत फोनवरचा भटजी बघत होता, मी म्हटलं नको. भात, वडे, खीर डब्यात भरली आणि एकटीच धक्क्यावर गेले. बोटीनं गेलेल्या लोकांचा तिथे एक ठेंगणा दगड आहे, वरून सपाट, स्वच्छ. आपण पत्र्यावर ठेवतो तसं त्यावर पान ठेवलं (पान म्हणजे कागदी बशी, केळ कुठे शोधू). कावळे आहेत इथे, करडं जाकीट घातल्यासारखे. एक आला, दोन हातांवर बसला आणि बघत राहिला. शिवेना. मग मी आपली कबूल करत सुटले. शशिकांतला बोलणार नाही म्हटलं. तुमची सायकल विकणार नाही. उपेंद्रशी बांधावरून भांडणार नाही (हे तुला उगाच कळलं). कावळा ढिम्म. इतक्यात कोंबड्याएवढा पांढरा सीगल आला आणि वडा उचलून गेला. तो धरायचा की नाही, देव जाणे.

तेवढ्यात डेनिस नावाचा म्हातारा आला. ह्या पाट्या तोच फडक्यानं पुसत फिरतो. मला वाटलं, ओरडणार. तर त्यानं टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. त्यांच्याकडे पूर्वी मोठा दुष्काळ पडला होता, लोक उपाशीपोटी बोटीत चढले. त्याला वाटलं, ही बाई त्यांना जेवण घेऊन आली. मग हळूच म्हणाला, "नेम?" तेवढं इंग्रजी मला कळतं. पण नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, ते तेवढंच. रेशनच्या रांगेतसुद्धा शशिकांतला पुढे करायची. मी मान हलवली.

"नो नेम?"

"नो."

त्याचे डोळे भरून आले. "ग्रँड, ग्रँड," म्हणत गेला (इथे 'बरं, ठीक' म्हणायचं तरी ग्रँडच म्हणतात).

चार दिवसांनी शशिकांतबरोबर गेले तर दगडावर फुलं, मेणबत्त्या आणि लोकांनी आणून ठेवलेल्या भाताच्या सहा वाट्या. सगळा भात कच्चट. मधे एक पुठ्ठा. शशिकांतनं वाचला, ज्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी. म्हणजे काय ते त्यानं मला समजावलं, आणि मग खरं काय झालं ते मला त्याला सांगावं लागलं.

"आई, नाव सांगायला काय झालं होतं?"

"तुझ्या बापाचं नाव मी कधी घेतलंय?"

घरी येताना त्यानं एकही पाटी वाचली नाही.

बाकी ठीक. गोळ्या वेळेवर घे.

तुझी अक्का

ता. क. बाकडं बंद करू नकोस. आमदार नको, हार नको, फोटो नको. पाटी साधी, पण नाव पूर्ण घाल. प्रल्हाद रामचंद्र माळवदे. अक्षरं मोठी कर, लांबून वाचता आली पाहिजेत.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी मी वडे तळून परत एकटी गेले. दगडापाशी उभी राहून नाव घेतलं. मोठ्यानं, तीनदा. तोच करडा कावळा होता. पुढचं विचारू नकोस, मी सांगणार नाही.