कुंकू लावलेलं हेल्मेट

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.

ऑफिसात शस्त्रपूजा. ज्याच्याकडं जे हत्यार त्यानं ते पुजायचं. आमच्या पालिकेकडं धारदार असं स्टेपलरच. यंदा मात्र खरी अवजारं होती. खांबावर चढणाऱ्या वायरमन लोकांसाठी हेल्मेटं, कमरेचे पट्टे, रबरी हातमोजे आलेत. मागून मागून त्यांचे घसे बसले होते. सगळं टेबलावर मांडलं, हळद-कुंकू, झेंडू, नारळ. पेढे बरे होते. मग भांडारातल्या पोवारांनी एकूण एक वस्तू उचलून कपाटात घातली आणि कुलूप लावलं.

वायरमन बाजीराव हात पुढं करून उभाच. "आमाला कवा?"

"लोकार्पण झाल्यावर. पावण्यांची तारीख मिळंना झालीया."

"मग तवर खांबाला सांगून ठेवतो की, शॉक देऊ नगंस म्हणून."

सगळे हसले. मीही.

सोमवार, ६ ऑक्टो.

मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. (यापुढे नुसतं मु. पूर्ण पदनाम दिवसभर लिहून हात दुखतो.) वरून आदेश आलाय, 'कर्मचारी आरोग्य व सुरक्षा मार्गदर्शिका' काढा. लिहायची मी. कारण मी दिवाळी अंकांत विनोदी लिहितो, म्हणजे भाषा चांगली. माझं टेबल जन्म-मृत्यू नोंदणीचं. या दोन्हींच्या मधल्या काळात माणसानं काय काळजी घ्यावी, हेही आता माझ्याच टेबलावर.

बुधवार, ८

नियम पहिला, मी लिहिला : 'साधने दिल्याशिवाय पालिकेने कोणालाही खांबावर चढवू नये.'

मु.नी लाल पेननं केला : 'साधने घातल्याशिवाय कर्मचाऱ्याने खांबावर चढू नये.'

म्हणाले, "कर्मचाऱ्यांसाठी आहे ना पुस्तिका? मग नियमही त्यांच्यासाठीच हवेत."

पालिकेसाठी पुस्तिका कोण काढणार, हे विचारलं नाही. पगार पंधरवडाभर लांब आहे.

शुक्रवार, १०

मुखपृष्ठाला फोटो हवा. बाजीरावाला बोलावलं. दिसायला उमदा, मिशी फेट्याच्या जाहिरातीतली. गडमुडशिंगीहून रोज सायकलनं येतो. माणूस ठेकेदाराचा, काम आमचं.

पोवारांनी कपाट उघडलं, फोटोपुरतं. "पट्ट्यावरचं प्लॅस्टिक काढू नगासा. परत हाय तसं ठेवायचंय." हेल्मेटवर पूजेचं कुंकू तसंच.

बाजीरावानं सगळं चढवलं, मिशीवर हात फिरवला. "सायेब, नवरदेव तर झालो. घोडं कुठं हाय?"

फोटो मीच काढला, माझ्या मोबाइलवर. छान आला. मग हेल्मेट काढलं, पट्टा काढला, मोजे काढले, कपाट, कुलूप. दिवाळीच्या आधी बाजारपेठेतले सगळे दिवे लागले पाहिजेत म्हणून नवरदेव चपला घालून, शिडी खांद्यावर टाकून वरातीला गेला.

मंगळवार, १४

पुस्तिका छापून आल्या. गठ्ठे मु.च्या केबिनमध्ये. वाटायच्या नाहीत, त्यांचंही लोकार्पण व्हायचंय. मुखपृष्ठावरचं कुंकू छापखान्यानं कॉम्प्युटरवर पुसलंय. "डाग दिसत होता, साहेब, काढून टाकला." इतक्या तत्परतेनं आमच्याकडं दुसरं काहीच निघत नाही.

गुरुवार, १६

बाजीराव पडला.

दुपारी, बाजारपेठेत. खालून शिडी धरणाऱ्या गड्याला कुणीतरी मंडप बांधायला पळवलं होतं. वर बारीकसा शॉक बसला, हात सुटला. डावा पाय मोडला, मनगट मोडलं. डोकं वाचलं. ते फुलांच्या टोपल्यांवर आपटलं. धावून आली तीही फुलवालीच; तिनं वाचवलं म्हणायचं, पालिकेनं नव्हे.

संध्याकाळी कोल्हापुरात दवाखान्यात गेलो. त्याची बायको शालन बाकावर बसलेली. तिनं एवढंच विचारलं, "त्या फोटूतलं घातलं असतं तर?"

 

शनिवार, १८



मु.नी बोलावलं. चौकशी लागलीय. केबिनमध्ये ठेकेदार, पुढ्यात चहा. मु. शांतपणे म्हणाले, "सोपं आहे. अपघाताच्या आधी मार्गदर्शिका छापलेली. मुखपृष्ठावर तो स्वतः सगळं घालून उभा. म्हणजे साधनं दिलेली होती, त्यानं निष्काळजीपणा केला. फोटो तुम्ही काढलात, तसं चौकशीत सांगा."

म्हणालो, "फोटो झाल्यावर काढून घेतलं होतं."

"ते फोटोत दिसतंय का?"

चौकशीचे अध्यक्ष कोण? मु.च.

मी लिहिलेली पुस्तिका, मी काढलेला फोटो. बाजीराव आता त्यांच्याखाली सापडलाय. आणि मु. बिस्कीट बुडवून खात होते. माणूस मोडला की फुलवाली टोपली सोडून धावते, हे लोक पुरावा जमवतात. ठेकेदार जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सर, तुमचं विनोदी आम्ही वाचतो हां."

रविवार, १९

दवाखाना. बाजीराव जागा होता. ठेकेदार त्याच्याकडं आधीच येऊन गेलेला.

"म्हणाला, चूक माझीच म्हणून सांग. बिल आमी बघतो, बरा झालास की परत घेतो. न्हाईतर घरी बस."

"मग?"

"मग काय सायेब. एका पायानं कोण घेणार हाय मला?" वर म्हणाला, "तुमी मधी पडू नगासा. आदीच एकजण पडलाय."

हसला. मला हसू आलं नाही. त्याचा राग आला, आणि मग स्वतःचा.

मंगळवार, २१. लक्ष्मीपूजन.

घरी, शिवाजी पेठेत. फटाक्यांनी कान बसलेत. ही करंज्या तळत होती, मी स्वयंपाकघराच्या दारात. म्हटलं, "बाजीराव स्वतःच खोटं बोलणार असेल तर मी कशाला नाक खुपसू? त्याचीच रोजी जायची."

झारा हातात धरून म्हणाली, "तो पोटासाठी खोटं बोलणार. तुम्ही कशासाठी?"

सतरा वाक्यं सुचली. सगळी दिवाळी अंकात शोभली असती.

गुरुवार, ३०

ऑफिसात कुजबुज. पोवार जिन्यात भेटले. नजर चुकवत, "तुमी काय बोलणार हाय?"

म्हटलं, "कपाट उघडलंत का नंतर?"

"लोकार्पणाआधी कसं उघडू?"

सगळं जिथल्या तिथं आहे तर. प्लॅस्टिकसकट, कुंकवासकट. खरं-खोटं करायला बाजीरावाला तोंड उघडायची गरजच नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर. पालिका, सभागृह.

चौकशी सुरू आहे, इथंच बसून लिहितोय. बाजीरावाला रिक्षातनं आणलं. पाय प्लॅस्टरात, काखेत कुबडी. शालन मागं भिंतीला टेकून. ठेकेदार दाराजवळ, बाजीरावाला दिसेल असा.

मु.नी पुस्तिका वर धरली. "बाजीराव, हे तूच ना?"

"व्हय."

"हे हेल्मेट तुला दिलं होतं की नाही?"

त्यानं दाराकडं पाहिलं. तोंड उघडायच्या आत मी उठलो. "साहेब, त्याला विचारू नका. कपाट उघडा. हेल्मेटवर खंडेनवमीचं कुंकू असेल तर ते घालून खांबावर कोण कधी चढलं, ते सगळ्यांना दिसेल."

मु.नी चष्मा पुसला. नाइलाज होता, चौकशी समितीचे बाकीचे दोन सदस्य "बघू की" म्हणाले. पोवारांना किल्ली आणायला पाठवलं.

पोवार परतलेले नाहीत. ठेकेदारही दाराजवळ नाही.

शिपाई चहा घेऊन आला. खालच्या आवाजात मला म्हणाला, "भांडाराला आतनं कडी हाय. बादलीचा आवाज येतुया."

कुंकू धुवायला लागलेत. फोटो सोडला तर महिनाभर जे उघडत नव्हतं ते उघडलं, तेही फडकं मारायला. मोबाइलमधला फोटो मी आत्ताच दोन्ही सदस्यांना पाठवला. कुंकवासकटचा. पण या लोकांना डोळ्यांनी दाखवल्याशिवाय पटायचं नाही. खाली जायला हवं, आत्ताच.

उठलो तर बाजीरावानं कुबडी आडवी घातली. वाटलं, अडवतोय.

"सायेब," म्हणाला, "मला बी घिऊन चला."

शालन पुढं आली. तिनं एक बाजू धरली. वही मिटतो. जिना उतरायचाय, दुसरी बाजू मला धरायला हवी. शिडी धरायला त्या दिवशी कुणी नव्हतं.