चौथ्या रविवारचं पाळण्याचं गीत

बाबा, तुमच्या चर्चमध्ये आता तुमच्या जागी जे तरुण पाळकसाहेब आले आहेत, त्यांनी यंदा नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चारही रविवारी जुन्या नाताळगीतांवर उपदेश करायचं ठरवलं आहे. ऐकून खूश व्हाल, कारण ही पद्धत तुमचीच. पण थांबा, लगेच हात जोडून आभार मानू नका. साहेब तिला ‘सीरिज’ म्हणतात. मोबाइलवर कुठली गीतं जास्त लोकांनी पाहिली ते बघून त्यांनी चार उचलली, गाड्यावरचे वरवर लाल दिसणारे टोमॅटो उचलावेत तशी. चौथ्या रविवारी पाळण्याचं गीत आहे. ते तुमच्या सुनेचं, दर नाताळात ती माझ्याबरोबर म्हणायची ते. ती या उन्हाळ्यात गेली, हे तिनंच एव्हाना तुम्हाला सांगितलं असेल. आणि तेच गीत उपदेशाआधी मी एकट्यानं म्हणावं, असा साहेबांचा हुकूम आहे.

मीटिंगमध्ये मी विचारलं, “हेच का निवडलंत?”

“अहो काका, सगळ्यात क्यूट आहे ते! आणि तुमचा व्हॉइस एकदम विंटेज.”

विंटेज! जुन्या स्कूटरला म्हणतात तसं. पहिल्या रविवारचं गीत तर बर्फाचं आहे. मी उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो मासेवाल्याकडे आणि उसाच्या रसात. पण साहेब पडद्यावर बर्फ पाडणार आहेत. “मग पंखेही लावा, म्हणजे मंडळी काकडतील,” असं मी म्हणालो, तर त्यांनी ते लिहून घेतलं. शेजारी बसलेल्या गायनमंडळातल्या मावशी पदरात तोंड घालून हसत होत्या. “भाऊ, पुरे,” म्हणाल्या, “नाहीतर खरंच लावतील.” माणूस वाईट नाही हो, पण रिकाम्या डब्यासारखा आहे, कुठंही हात लावा, वाजतो.

तुम्ही गीतं कशी निवडायचात, ते यांना कोण सांगणार? त्या वर्षी ज्या घरात कुणी गेलं असेल, त्या घरी जाऊन तुम्ही विचारायचात, “यंदा कुठलं गीत तुम्हाला म्हणवणार नाही?” आणि त्यावरच उपदेश करायचात. मला तेव्हा ते क्रूर वाटायचं. शाळा सोडून मी मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर नुकता लागलो होतो, स्वतःला फार शहाणा समजत होतो. वाघोलीला गेलो होतो ते आठवतं. ती बाई चुलीपाशी करंज्या तळते आहे, नवरा जाऊन फार दिवस झालेले नाहीत. तुम्ही विचारता आणि ती झारा तसाच धरून म्हणते, “मेंढपाळांचं. त्यात सगळी पळत सुटत्यात. आमच्या मालकांना शेवटी उठून बसता येत नव्हतं.” परतताना मी म्हणालो, जखमेवर मीठ कशाला चोळता? तुम्ही सायकल थांबवून मला झापलंत. “ज्या गीतापाशी कुणाचाच गळा अडकत नाही, त्यावर बोलायचं काय, त्याची चाल?” रविवारी तुम्ही बोललात ते न पळालेल्या मेंढपाळाबद्दल. सगळेच गोठ्यातल्या बाळ येशूकडे गेले तर मेंढरं राखली कुणी? कुणीतरी मागं राहिलाच असेल, आणि देवदूतांचं गाणं त्यानंही ऐकलंच होतं. ती बाई मान वर करून ऐकत होती.

आमचे साहेबही माझ्याकडे आले होते, तुमची सून गेली तेव्हा. चहा घेतला, प्रार्थना केली, प्रार्थनेत तिचं नाव चुकवलं आणि कोथरूडला दुसरा कार्यक्रम आहे म्हणून उठले. विचारलं काहीच नाही. त्यांनी चारात नेमकं तिचंच गीत काढलं, ते आंधळेपणानं. एवढा बिनचूक नेम डोळसाला साधला नसता.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? तुमचा पत्ता वर ज्याच्यापाशी आहे, त्याच्याशी सध्या माझं जेमतेम बोलणं आहे. एक मात्र सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांना मी नकार दिलेला नाही. ‘बघू’ म्हणालो. रोज सकाळी शेजारपाजार कामाला गेला की स्वयंपाकघराचं दार लावून म्हणून बघतो. दुसऱ्या कडव्यात ती खालच्या पट्टीतून येऊन मला मिळायची, काल तिथपर्यंत पोहोचलो. आणि सवयीनं थांबलो, तिला जागा द्यायला.