माहेरचं नाव

आये, गेल्या महिन्यात ऑफिसात मी तुझं खातं उघडलं. बँकेतलं नव्हे, घाबरू नकोस. मी जिथे काम करते ती खांदा कॉलनीतली कंपनी घरोघरी पाणी गाळायची मशिनं बसवते आणि बिघडली की दुरुस्त करून देते. लोक फोनवर तक्रार सांगतात, आम्ही माणूस पाठवतो. तक्रारी लिहून घेणाऱ्या मुलींची मी प्रमुख. तू म्हणाली असतीस, पाण्याला मशीन कशाला, फडकं हाय ना. हंड्याच्या तोंडावर ताणून बांधलेलं तुझं ते पांढरं फडकं मला अजून दिसतं. तुझ्यासारखी गिऱ्हाइकं भेटली असती तर आमच्या मालकांनी केव्हाच गाशा गुंडाळला असता.

सध्या आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर आलंय. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक खातं करायचं: नाव, पत्ता, फोन, कुठलं मशीन, आधीच्या तक्रारी काय होत्या. फोन आला की नाव टाकायचं, सगळी कुंडली समोर. ऐकायला किती सोपं! पण पहिल्याच दिवशी बेलपाड्याच्या एका आजींचा फोन आला. आमच्या मुलीने गोड आवाजात नाव विचारलं. आजी म्हणाल्या, "कंचं सांगू? मायेरचं का सासरचं?" मुलगी म्हणाली, बिलावर आहे ते सांगा. "बिल सुनेनं केलंय. तिनं काय सांगितलं ता मना काय ठाव? पानी गलतंय, माणूस पाठव." मुलीने दोन्ही नावं विचारून टाकून पाहिली, तर दोन्ही नावांची खाती निघाली. कॉम्प्युटरच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होत्या. एकीकडे मशीन होतं आणि दुसरीकडे तक्रार.

मुली हसून हसून बेजार झाल्या. मी हसले नाही, कारण अशा आज्या आमच्याकडे ढिगाने आहेत. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की बाईचं जुनं नाव गेलं, असं तुमच्या वेळी सरसकट होतं. पण ते पुरतं जात नाही. कुठल्या कागदावर जुनं राहतं, कुठल्या कागदावर नवं चढतं, आणि फोनवर नाव विचारलं की बाई गोंधळते. मी सॉफ्टवेअरवाल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, उर्फ म्हणून एक रकाना टाकू का?" मी म्हटलं, अरे, उर्फ लावलं की पेपरातल्या दरोडेखोरासारखं वाटतं, माझ्या आज्यांना उर्फ नको. सरळ लिही, 'माहेरचं नाव'. आणि तो रकाना भरल्याशिवाय बाईचं खातं तयारच होऊ देऊ नकोस. तो म्हणाला, सक्तीचं नका करू, अडचण होईल. मी ऐकते थोडीच! तुझाच हट्टीपणा आलाय माझ्यात.

मग नवा रकाना नीट चालतो का ते बघायला प्रत्येकीने एकेक खोटं गिऱ्हाईक तयार करायचं होतं. मुलींनी सिनेमातल्या नट्या घेतल्या आणि त्यांना पनवेलभर घरं वाटून दिली. मी तुला घेतलं. का ते विचारू नकोस, हात आपोआप गेला. तुझं सासरचं नाव टाकलं, आपल्या घराचा पत्ता टाकला. फोन तुझ्याकडे कधीच नव्हता, म्हणून माझा नंबर टाकला. मग तो रकाना आला. माहेरचं नाव. शेजारी लाल चांदणी, म्हणजे भरलंच पाहिजे. आणि मी बसून राहिले. मला तुझं नाव माहीत नव्हतं गं.

तुला आठवतं का, मी लहान असताना आत्याची नक्कल करत तुला तिच्यासारखीच नावाने हाक मारली होती? तू चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होतीस. हात पिठाने भरलेले. तू तशीच वळलीस, माझ्या गालावर पांढरी पाचही बोटं उठली. "नावानं हाक मारतेस? मी तुजी आय हाय." मी भोकाड पसरलं. मग तुलाच कसंतरी झालं, पदराने माझा गाल पुसलास आणि हळूच म्हणालीस, "आनि ता काय माजा नाव नाय." मी रडायची थांबले. मग तुझं नाव काय, म्हणून तुझ्या मागे लागले. तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, "मोठी हो, मग सांगेन." भाकरी टम्म फुगली, तू तिचा पापुद्रा काढून त्यात मीठ आणि तेल घालून मला दिलास आणि मी सगळं विसरून खात बसले. पुढच्याच वर्षी तुझी कावीळ पोटात उतरली. पनवेलच्या दवाखान्यात तुला नेलं, तिथून तू परत आलीच नाहीस, तेव्हा मी चौथीत होते. मोठी व्हायला मला फार वेळ लागला, आये.

बाबांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "आता काय करायचं त्याचं?" आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. आता तेही नाहीत. ते तुला 'ऐकलंस काय' म्हणायचे, गाव सासरच्या नावाने बोलवायचं, माहेरचे सगळे 'बाय' म्हणायचे. तू शाळेत गेली नव्हतीस, त्यामुळे तिथेही नाव नव्हतं. माझ्या लग्नात भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं तेव्हा मी ह्यांच्या कानात सांगितलं, आहे तेच लिहा, नाहीतर मी उठते. ह्यांनी निमूटपणे तेच लिहिलं. सासूबाई महिनाभर फुगून होत्या. त्या वेळी मला वाटलं होतं, तुझी बाजू घेतली मी. पण तुझं नाव शोधायला काही मी गेले नाही. रोजच्या धबडग्यात ते राहूनच गेलं, आणि राहिलंय हेही कळलं नाही.

त्या रकान्यात एक टिंब टाकलं असतं तरी कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतलं असतं. त्याला काय कळतंय! माझाच हात होईना. तुझ्या भावंडांपैकी आता गव्हाणचा धाकटा मामा तेवढा उरलाय, आणि त्याचीही तब्येत बरी नसते. तो गेला की तुझं नाव जगात कुणालाच माहीत नसेल, हे एकदम लक्षात आलं. रविवारी सकाळीच गव्हाणला गेले.

मामाचं घर तू ओळखणार नाहीस. जमीन गेली, पैसे आले, तीन मजले चढले. मामा मात्र गॅलरीत बनियनवर, तसाच. मी विचारलं, मामा, माझ्या आईचं माहेरचं नाव काय रे? तो म्हणाला, "बाय."

"बाय नाही रे, खरं नाव."

"अगो, बायच. ती मोठी, आमी सगली बायच बोलायचो." मग तो थांबला. कपातला चहा निवत गेला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती आली, ती मला बघवेना. "मना आठवत कसा नाय? माजी सख्खी भन हाय ती. मना आठवत कसा नाय गो?" मी म्हटलं, जाऊ दे मामा, एवढं काही नाही. हे मी किती खोटं बोलले ते तुला म्हणून सांगते.

त्याने कप खाली ठेवला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला की तुम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत मिठागराच्या बांधावर खेळत बसायचात, आणि आजी दारातून हाक मारायची. आधी तुला, मग त्याला. "आय कशी हाक मारायची, थांब." कठडा धरून तो उठला. समोर आता मिठागर नाही, कंटेनरच्या गाड्यांचा रस्ता आहे. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले, छाती भरून घेतली आणि हाक मारली. आवाज त्याचा नव्हता, आये. उंच, बाईमाणसाचा, शेवटचं अक्षर लांबवर ओढलेला. आधी तुझं नाव आलं, त्याला जोडून त्याचं स्वतःचं. आठवून नाही आलं. आजीच्या हाकेत होतं, ती निघाली तसं बाहेर पडलं.

तो स्वतःच दचकला. मग म्हणाला, "आलो गो आय," आणि तिथेच मटकन बसून रडायला लागला, मधेच हसायला लागला. खालून सून धावत वर आली. "काय झाला? कोनाला बोलावताव?" मामा डोळे पुसत म्हणाला, "बायला." ती माझ्याकडे बघायला लागली, म्हातारा भ्रमला की काय म्हणून. मी तिला काय सांगणार? मी मामाचे हात धरून बसले होते. जेवल्याशिवाय त्याने मला सोडलं नाही. वाढताना पुन्हापुन्हा तुझं नाव घेत होता, पुन्हा विसरेन की काय या धास्तीने.

सोमवारी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. तो रकाना भरला. खातं तयार झाल्याची ओळ आली. नाव मी इथे लिहीत नाही, तुझं तुला ठाऊक आहे, आणि आईचं नाव असं लिहायला मला अजून जड जातं. ऑफिसचा नियम असा की तपासून झालं की सगळी खोटी गिऱ्हाइकं पुसायची. नट्या मुलींनी शनिवारीच पुसल्या होत्या. तुला ठेवलं असतं तर सहा महिन्यांनी फिल्टर बदलायचा निरोप गेला असता, आणि तोही माझ्याच फोनवर. म्हणून पुसलं. सक्ती मात्र काढून टाकायला सांगितली. त्या मुलाचं बरोबर होतं. रकाना राहू दिलाय, ज्या आजीला सांगावंसं वाटेल ती सांगेल. आजकाल मुली मला येऊन सांगतात, मॅडम, आज अमक्या आजीने नाव सांगताना गाणंच म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तू असतीस तरी टाकलं नसतं, तुला वाचता येत नव्हतं. तुझ्यापुढे बसून मीच वाचलं असतं आणि ह्या एका ठिकाणी अडखळले असते. त्या सोमवारी तुझं खातं पुसायच्या आधी ऑफिसात कुणी नव्हतं. मी खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले आणि मामाने मारली तशी, शेवटचं अक्षर ओढून, तुला तुझ्या नावाने हाक मारली. मग तू ओ देशील म्हणून थांबले. चांगली संसारी बाई मी, केस पिकायला लागलेत, तरी पहिली मुलगी दार उघडून आत येईपर्यंत तिथेच थांबले होते.