रेवाचं बारसं

११ जानेवारी २००४, रविवार
बारसं झालं. पाळण्यात बाळाऐवजी सीडी. कल्पना शिरीषची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची. मीही हो म्हणाले, आमच्या घरात शहाणं असं कोणी नाहीच. बडोद्याच्या मराठी मंडळाचा हॉल अर्धा भरला. सयाजीगंजमधला कॉम्प्युटर क्लास सांभाळून त्याने कित्येक वर्षं ही ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर सगळं गुजरातीत, नाहीतर मराठीत. इंग्रजी न येणाऱ्या पोरांसाठी, फुकट. शाळा समितीने तोंडी हो म्हटलंय. सुरुवात डभोईच्या शाळेपासून.

नाव आत्याने ठेवायचं, म्हणून मी. पाळण्यात वाकून कुर्र केलं, ‘रेवा’ म्हणाले, बायकांनी पाठीत धपाटे घातले. सगळे हसले. शिरीषच्या बायकोने, नंदाने, घुगऱ्या केल्या होत्या, त्या वाटताना तिने कोणाकडे पाहिलं नाही.

नाव नवं नाही. शि. आणि नंदाच्या मुलीसाठी मी ते ठरवलं होतं. ती बाराव्या दिवसापर्यंत थांबलीच नाही, कानात सांगायचं राहिलं. आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. मागच्या महिन्यात शि. म्हणाला, ताई, तेच ठेव. नंदाला विचारलं, तर तिने नुसती मान हलवली. हो की नाही, देव जाणे.

१३ जाने., मंगळ.
पेपरात फोटो. पाळणा आणि माझी वाकलेली पाठ. सीडी दिसतच नाही. मथळा असा, की कॉम्प्युटरचं नाव फोईबांनी पाडलं. फोई म्हणजे आत्या, गुजरात्यांतही तीच नाव ठेवते, त्यामुळे बातमी आवडली असणार. सिस्टीम करते काय, ते शेवटच्या ओळीत, अर्धवट.

मी शिकवते त्या शाळेत स्टाफरूमभर हाच विषय. हंसाबेन म्हणाल्या, त्यांच्या जावेच्या अपार्टमेंटचं नावही रेवा, तिथे लिफ्ट कायम बंद. मी विचारलं, सीडी लावून पाहिलीत? दोन दिवसांपूर्वी हातात दिली होती. म्हणे टाइम ज नथी मळ्यो, वेळच मिळाला नाही.

१४ जाने., उत्तरायण
निजामपुऱ्यात शि.च्या गच्चीवर. आभाळात पतंग, खाली उंधियु-जलेबी, आणि मध्ये आम्ही. शेजारचे जयेशभाई मांजा सोडता सोडता हसत म्हणाले, “रेवा? तमे पेला धरणना विरोधीओमां तो नथी ने?” रेवा म्हणजे नर्मदा, आणि नर्मदा म्हटलं की इथे धरण, आणि आम्ही धरणविरोधी तर नाही ना, ही शंका. शि.ने समजावलं, भाई, नुसतं नाव आहे. जयेशभाई ‘हा हा’ म्हणाले, पण पुढे जलेबीचं ताट आमच्याकडे आलं नाही.

त्यांच्या कपड्यांच्या दोरीवर कबुतरं हाकलायला काहीतरी चमकत होतं. आमचीच सीडी. शि.ने पाहिलं. तसाच फिरकी धरून उभा राहिला.

१७ जाने., शनि.
वाचकांची पत्रं छापून आली. एकाला मशीनला बाईचं नाव नको. एक ज्योतिषी, त्या दिवशीच्या चंद्राला ‘र’ बसत नाही, सिस्टीम अडकत चालणार. आपल्या मंडळातले एक निवृत्त गृहस्थ, महाराजांचं नाव का दिलं नाही, ज्यांच्यामुळे बडोद्यात शाळा आल्या. एका कॉलेजकुमाराला नाव देशी वाटतं, मागे एखादा आकडा तरी हवा होता. धरणावरून दोघांचं आपसातच जुंपलंय.

कोणीही, एकानेही, ती लावून पाहिलेली नाही. मला राग येतो तो याचाच. लावा आणि मग शिव्या द्या, मी ऐकते.

२१ जाने., बुध.
समितीने शि.ला बोलावलं. साहेब गोड बोलले. काम उत्तम, फक्त नावावरून बोलणं होतंय, सरकारी शाळेत वाद नको. नाव बदलून आणलंत तर डभोईचं पक्कं. नवं नावही त्यांनीच सुचवलं, ‘ज्ञानदीप २००४’. शि. सांगताना हसला. मला ते हसणं बघवलं नाही.

२४ जाने., शनि.
आज शि.कडे. तो म्हणाला, नावात काय आहे, पोरांच्या हातात जाऊ दे. बरोबरच आहे त्याचं. मीही तेच म्हणणार होते. नंदा पोळ्या लाटत होती, लाटणं न थांबवता म्हणाली, “तिला त्या नावाने कुणी एकदाही हाक मारली नाही. ही निदान शिव्या तरी खातेय त्या नावाने.”

इतक्या वर्षांत तिने हा विषय पहिल्यांदा काढला. शि. ताटावरून उठला. मी पोळ्या भाजत बसले, एक करपली.

२७ जाने., मंगळ.
शि.बरोबर डभोईला. बसने. शाळेची कॉम्प्युटरची खोली बघायची म्हणून. कुलूप. चावी आचार्यांकडे, म्हणजे हेडमास्तरांकडे, आणि ते बडोद्याला. खिडकीतून दिसलं, मशिनं प्लास्टिकखाली, त्यावर धूळ. शिपाई म्हणाला, उद्घाटनापासून कोणी आत गेलेलं नाही. लाइटचं फिटिंगच बाकी आहे.

म्हणजे नाव बदललं तरी तेच, न बदललं तरी तेच. परतीच्या बसमध्ये मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, फिटिंग आज ना उद्या होईल, ताई, वाद मात्र मिटणार नाही. मग डोळे मिटून बसला. त्याचे केस बरेच गेलेत, आज नीट पाहिलं.

१ फेब्रु., रवि.
उद्या सकाळी समितीला नवी सीडी द्यायची. शि.ने दुपारी बोलावलं. रेवा जिथे जिथे लिहिलं होतं, तिथून त्याने काढलंय. मला दाखवत गेला, सुरू होताना, मदतीच्या पानावर, कोपऱ्यात. सगळीकडे ज्ञानदीप. फार स्वच्छ काम करतो, लहानपणापासून.

“एवढी एक जागा राहिलीय,” म्हणाला, आणि मशीन बंद केलं. पडदा काळा होण्याआधी मधोमध ओळ आली, आधी गुजरातीत, मग मराठीत. ‘रेवा झोपली. हळू बोला.’

मी म्हटलं, हे तुला कधी सुचलं? म्हणाला, मला नाही. मराठी वाक्यं सगळी नंदाने टाइप करून दिली होती, संध्याकाळी बसून. बंद करताना ‘आता संगणक बंद करता येईल’ असं लिहायला सांगितलं होतं. तिने हे लिहिलं. मी तपासताना पाहिलं, आणि तसंच ठेवलं, गुजरातीतही तेच घातलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

म्हणजे बारशाच्या आधीच तिने नाव घातलं होतं. आणि मी तिच्या मान हलवण्याचा अर्थ लावत बसले होते.

आत नंदा भांडी लावत होती. तिला ऐकू येत असणार. शि.ने मशीन पुन्हा सुरू केलं, ती ओळ उघडून ठेवली आणि मला विचारलं, काढू का? नाव ठेवणारी मी, म्हणून मला.

मी पर्स उचलली. चहा न घेताच घरी आले. अजून त्याचा फोन आलेला नाही, मीही केलेला नाही.