देणारा भाविक, घेणारा भाविक

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. सकाळी ७ वाजून १० मिनिटं.
वेळ मुद्दाम लिहून ठेवते, उद्या कोर्टात विचारतील. नारपोलीच्या आमच्या सार्वजनिक अभ्यासिकेला नवं कुलूप! वर नवा बोर्ड: 'पुतळाबाई फाउंडेशन'. जागा सरकारी, बांधकाम लोकवर्गणीचं आणि नाव भाविकच्या आईचं. भाविक आमच्या अभ्यासिका समितीचा अध्यक्ष. फाउंडेशनचा अध्यक्ष कोण? तोही भाविकच.
पायरीवर रूपा पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेली. ९ मार्चला तिची नर्स भरतीची परीक्षा आहे. तिच्या घराच्या भिंतीला लागूनच कापड विणायचा लूम, दोन्ही शिफ्टला खडखडाट. म्हणाली, मावशी, आता मी कुठे बसू? म्हटलं, आठ दिवसांत इथेच बसशील. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली आहेत मी. भल्याभल्यांच्या लाइनी कापल्यात.

४ फेब्रुवारी.
जागेचा करारनामा पाहिला. देणारा: भाविक. घेणारा: भाविक. साक्षीदार: मृणाली, म्हणजे भाविकची बायको. दोन्हीकडे सही एकच, घेणाऱ्याची जरा जास्त ठसठशीत.
भाविकला गाठून सांगितलं, याला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात. तो म्हणतो, ताई, कॉन्फ्लिक्ट कुठं हाय? आमचं घरात सगल्यांचं पटतंय.
शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, मंदा, तुझी जीभ सुईसारखी आहे, तिने कधी काही शिवतही जा. नाही शिवणार. आता फक्त टोचणार.

५ फेब्रुवारी.
ठरावाची वही मागवली. 'जागा फाउंडेशनला देण्याचे एकमताने ठरले.' खाली सात सह्या. पाचवी माझी.
यात माझा काडीचा दोष नाही. सभेला गेलं की आधी कोऱ्या पानावर सही करायची, ठराव मागाहून सावकाश लिहिला जातो, ही आमची जुनी रीत. शिवाय त्या दिवशी बटाटेवडे गरम होते. माझी संमती वड्यांना होती.
हा मुद्दा कोर्टात काढायचा नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपारी ३.
फाउंडेशनचं उद्घाटन. प्लॅन तयार: भर सभेत उठायचं, तीन प्रश्न विचारायचे, टाळ्या होईपर्यंत बसायचं नाही. पर्समध्ये प्रश्नांचा कागद. इस्त्रीची साडी. रवींद्रला, म्हणजे आमच्या यजमानांना, सांगून ठेवलं की मला अटक झाली तर बीपीची गोळी पोचवायची.

तोच दिवस. रात्री ८.
पहिल्या प्रश्नासाठी उठले आणि माइकवर माझंच नाव! नारपोलीची रणरागिणी, अन्यायाची कर्दनकाळ, वगैरे वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मृणालीने हाताला धरून स्टेजवर नेलं. शाल, नारळ. नारळ मी तिथल्या तिथे परत केला, तत्त्वाचा प्रश्न होता. शाल ठेवली, थंडीचा प्रश्न होता.
प्रश्न विचारायचे राहिले असं नाही. पुढे ढकलले. घरी भाविकची निळी इनोव्हा सोडायला आली. रवींद्रने विचारलं, पोलिसांची का?

११ फेब्रुवारी.
भाविक घरी आला. जय भीम केला, पायाला हात लावला. म्हणाला, ताई, तुमच्यासारखं कडक मानूस आमच्याकडं न्हाय. सल्लागार व्हा, तक्रार निवारण समितीच्या अध्यक्ष व्हा.
विचार करायला एक दिवस मागणार होते. पण चहा उकळेपर्यंत विचार झाला. बिळात शिरल्याशिवाय उंदीर कसा सापडणार? हे रवींद्रला सांगितलं, तर म्हणतो, दुधाची बशी पुढे आल्यावर मांजरही हेच म्हणत असेल.
निषेध म्हणून दिवसभर त्याच्याशी अबोला. संध्याकाळी म्हणाला, आज घर किती शांत आहे, छान वाटतंय.

१७ फेब्रुवारी.
अभ्यासिका उघडली! मी म्हटलंच होतं. आठ दिवस म्हणाले होते, चौदा लागले. सरकारी हिशेबात हे वेळेआधीच.
मोठ्या हॉलमध्ये आता फाउंडेशनचा योगवर्ग. मुलींच्या छोट्या खोलीत मात्र माझं केबिन केलंय. टेबल, फिरती खुर्ची, एसी, दारावर पितळी पाटी. मुलींची तीन बाकं जिन्यात. हे अर्थात तात्पुरतं. आतून लढायचं तर बसायला जागा हवीच.
रूपा दारातून डोकावली. म्हणाली, मावशी, आमी? म्हटलं, धीर धर, माझा डाव उलगडू दे. ती म्हणाली, नऊ तारखेच्या आत उलगडेल ना?

२० फेब्रुवारी.
तक्रार निवारण समितीचे अकरा नियम तयार केले. नियम चौथा माझा आवडता: समितीत बहुमत झाल्याशिवाय कोणतीही खोली कोणाकडून काढून घेता येणार नाही. आता भाविकची मनमानी बंद. भाविकने नियम वाचले आणि हसत हसत सही केली. घाबरला असावा.

२७ फेब्रुवारी.
पहिली तक्रार आली! पाकीट फोडण्याआधी चष्मा दोनदा पुसला, आनंदाने.
तक्रारदार: रूपा आणि अकरा मुली. तक्रार: मुलींची अभ्यासाची खोली बळकावली. कोणी: मंदामावशींनी. निवारण करणार: अध्यक्ष, मंदामावशी.
रवींद्र इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट, म्हणाला. मुळीच नाही. भाविकचं प्रकरण वेगळं होतं. तो एकाच वेळी दोन्हीकडे होता. मी दोन्ही बाजू समजून घेते आहे.
पण अक्षर चांगलं आहे पोरीचं. जिन्यात बसून लिहिलंय, तरी ओळ सरळ.

२८ फेब्रुवारी.
भाविकला फोन केला, माझं केबिन काढा, खोली मुलींना द्या. तो म्हणाला, ताई, माझ्या हातात काय बी न्हाय. नियम चौथा. समिती बोलवा.
बोलावली. तक्रार निवारण समितीत तिघंच: मी, भाविक, मृणाली. ठराव मांडला की माझी खोली काढून घ्यावी. बाजूने एक, विरोधात दोन. मृणाली म्हणाली, ताई, तुमच्यावर अन्याय आम्ही होऊ देणार नाही.
चहाबरोबर बटाटेवडे होते. मी एकच खाल्ला.

रविवार, २ मार्च. सकाळी ७.
रूपा जिन्यात. कानात कापूस, वरच्या पायरीवर पुस्तक. योगवर्गाची माणसं तिला ओलांडून गेली. मीही ओलांडून गेले. ती म्हणाली, गुड मॉर्निंग, मॅडम. परवापर्यंत मावशी म्हणायची.
एसी लावला नाही. बसून पत्र लिहिलं.

प्रति, अध्यक्ष, तक्रार निवारण समिती. विषय: सल्लागार मंदाबाई यांनी बळकावलेली मुलींची खोली. सदर बाई सांगूनही ऐकत नाहीत. परीक्षा सात दिवसांवर आहे. बुधवार, ५ मार्च, सायंकाळी पाचच्या आत लेखी उत्तर मिळावे. तोंडी उत्तर चालणार नाही, कारण अध्यक्षबाई तोंडी फार बोलतात.