अव्वाच्या डोक्यावर शेड

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

बांधून टाकलं! सरळ बांधून टाकलं!

आप्पांच्या छातीच्या दुखण्यापायी जानेवारीपासून आम्ही बापलेक लातूरला भावाकडं, मल्लिनाथकडं राहिलो. गिरणीला कुलूप. काल आलो. आज सोमवार म्हणून बेलाची पानं अन् विभूती घेऊन आईच्या, अव्वाच्या समाधीवर गेले, तर समाधीच नाही! लिंबाचं झाड नाही, नुसता बुंधा. अन् बुंध्याला लागून, माझी अव्वा जिथं आहे बरोबर तिथं, सिमेंटचा ओटा. चार खांब, वर पत्रे, ओट्यावर सरण रचायचा लोखंडी पिंजरा. भोवती पेव्हर ब्लॉक, त्याच्याभोवती तारेचं कुंपण. अन् पाटी — ‘दहन शेड’.

दहन! आमच्या रुद्रभूमीत! आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात, विभूती घालतात अन् पुरतात. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. ग्रामपंचायतीला तेवढं नाही.

शेत असलेले लोक आपापल्या शेतात पुरतात. आम्हाला शेत नाही, पिठाची गिरणी आहे. आम्हाला हीच एक जागा. अव्वाच्या शेजारी आप्पांनी स्वतःसाठी एक दगड ठेवला होता — एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात तसा. “मला बाकी काय नको. रत्नाच्या शेजारी बसव,” एवढंच त्यांचं मागणं. तो दगडही गेला.

घरी आले. आप्पांनी विचारलं, “पानं वाहिलीस का?”

मी वाहिली म्हणाले. पानं पिशवीतच होती.

११ फेब्रुवारी

ग्रामसेवक भुजंग भाऊसाहेब. आठवड्यातून एकदा येतात, तेही गाडी बंद न करता बोलतात. आज मी गाडीची किल्ली काढून घेतली अन् मग विचारलं.

“ताई, योजना आली व्हती. दहन शेडची.”

“आमच्या गावात जाळता कुणाला?”

“बाकीचे समाज हायत की.”

“त्यांचं शेड ओढ्याकाठी हाय. जुनं. त्याचे पत्रे उडालेत, ते नीट करायचे की!”

“दुरुस्तीला निधी नव्हता, ताई. नवीनलाच व्हता. अन् ओढ्यापर्यंत रस्ता न्हाई, खडी टाकायची गाडी जात न्हाई. ही जागा कशी रस्त्याला लागून, मोकळी.”

मोकळी! माझी आई खाली आहे अन् हा माणूस मोकळी म्हणतो. तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ली त्याच्या अंगावर फेकली.

खाली समाध्या आहेत हे कुणी बघितलं नाही का? तर म्हणे, इंजिनिअर आले होते, त्यांनी जागेचा फोटो काढला, फोटोत दगड होते. “दगड काढून घ्या म्हणून साहेबांनी रिमार्क दिला.”

रिमार्क दिला!

१४ फेब्रुवारी

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरपंचांनी फोटो टाकला. हणमंतराव स्वतः, फीत कापताना, मागं ओटा. ‘गावाच्या विकासाचे आणखी एक पाऊल.’ खाली अंगठेच अंगठे. हार, टाळ्या, हात जोडलेले. हे अंगठे टाकणारे कोण? आमचेच! ज्यांच्या आज्ज्या, आजोबे त्या पेव्हर ब्लॉकखाली आहेत तेच.

अन् त्यात मल्लिनाथ. माझा सख्खा भाऊ! फोन लावला.

“तू अंगठा टाकलास?”

“कशाला गं?”

“अव्वाच्या डोक्यावर शेड बांधलं त्याला!”

मग म्हणतो, “मी बघितलंच न्हाई गं. मी सगळ्यालाच टाकतो.”

शिसारी आली. फोन ठेवून दिला.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आप्पा सकाळपासून आंघोळ करून, धोतर नेसून तयार. अव्वाकडं जायचं. मी ऊन लई आहे म्हणाले. रिक्षा मिळत नाही म्हणाले. डॉक्टरांनी दगदग नको सांगितलंय म्हणाले. शेवटी आप्पाच, “तू मला कोंडून का ठेवून राहिलीस?” म्हणाले अन् धोतर सोडून लुंगी लावली. उपासाची भगरही खाल्ली नाही.

१० मार्च

तालुक्याला जाऊन आले. मोठे साहेब मीटिंगला. त्यांच्या हाताखालचे साहेब त्याच मीटिंगला. टेबलावरच्या बाईनं अर्ज घेतला, वाचला, अन् मला विचारते, “पण तुमची नेमकी तक्रार काय? शेड झालं नाही, अशी का?”

झालं, अशी! म्हटलं, झालं ही तक्रार आहे.

“अशी तक्रार पहिल्यांदाच आली,” म्हणून ती शेजारणीकडं बघून हसली.

१७ मार्च

रोज बघवत नाही, तरी जाते. आज शेडाखाली हरभऱ्याची पोती रचलेली. पिंजऱ्याला दोन शेळ्या बांधलेल्या. सावलीला चार जण पत्ते कुटत बसलेले. त्यातल्या एकानं गुटख्याची पिचकारी मारली — ओट्यावर. लाल! अव्वाच्या डोक्यावर!

पायातली काढली अन् धावले. पळाले चौघं. शेळ्या सोडून दिल्या. कळशीभर पाणी आणून ओटा धुतला. लाल डाग गेला नाही. मग घासला, विटेनं. धुता धुता सारखं मनात येत होतं, सुकन्ये, हे कुणाचं शेड तू साफ करून राहिलीस? रडले. कुणी बघितलं नाही, नशीब.

२४ मार्च

ऑनलाइन तक्रार केली होती, तिचं उत्तर आलं. ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.’ सोबत फोटो — शेड, सुस्थितीत. खाली लिहिलंय, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का? तारे द्या.

थू.

११ एप्रिल

सिद्धलिंग स्वामी पीठ न्यायला आले. आमचे जंगम. त्यांच्याशिवाय आमच्यात कुणाची माती होत नाही. वाटलं, देवमाणूस, हे तरी बाजू घेतील. गिरणी बंद केली, खुर्ची दिली, चहा दिला.

म्हणाले, “सरपंच तळ्यापलीकडं नवी जागा द्यायला तयार हायत. कशाला भांडण?”

“अन् अव्वा?”

“ताई, त्या लिंगैक्य झाल्या. लिंगात मिळाल्या. खाली काय राहिलंय?”

“खाली काय राहिलं न्हाई, तर तुम्ही पुरता कशाला? मंत्र कशाला म्हणता?”

“तसं न्हाई...”

“मग आप्पांना तुम्हीच सांगा. तुमची रत्नम्मा इकडं, तुम्ही तळ्यापलीकडं. जा, आत बसलेत.”

आत गेले नाहीत. चहा संपवला, डबा उचलला, निघाले. शास्त्र मला सांगायचं, आप्पांच्या तोंडावर सांगायची हिंमत नाही. किळस येते मला या सगळ्यांची. सरपंचांचं समजू शकते, कंत्राट मेव्हण्याला दिलंय त्यांनी. पण हे?

१२ एप्रिल

काल लई बोलले स्वामींना. तरी चुकीचं नाही बोलले.

२९ एप्रिल

उद्या बसव जयंती म्हणून मल्लिनाथ आला. मी आत भाकरी करत होते अन् हा गधडा आप्पांशेजारी बसून फोन दाखवतोय! “हे बघा आप्पा, सुकन्या ह्याच्यावरनं केवढं भांडली गावाशी.” कौतुक करत होता माझं! मी बाहेर येईपर्यंत आप्पांनी फोटो बघितला होता. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितला.

“लिंब तोडला?” एवढंच विचारलं.

भाकरीचं ताट तसंच राहिलं. मल्लिनाथला मी बोल बोल बोलले. तो म्हणतो, मला वाटलं तू सांगितलं असशील. काय बोलायचं याला?

३० एप्रिल, बसव जयंती

मिरवणूक निघाली. आप्पा म्हणाले, मला मिरवणूक नको, तिकडं ने. यावेळी मी ऊन म्हणाले नाही, रिक्षा म्हणाले नाही. नेलं.

कुंपणाचं फाटक उघडून आप्पा आत गेले. शेडाकडं बघितलंच नाही, आधी लिंबाचा बुंधा शोधला. बुंध्यावर काठी टेकली, तिथून दोन पावलं टाकली, ओट्याजवळ आले. काठीनं ओट्यावर ठोकलं.

“हितं.”

मी म्हटलं, हाव आप्पा. तिथंच.

ओट्यावर बसले. तळहात सिमेंटवर ठेवला. मी बेलाची पानं दिली, ती त्यांनी ओट्यावरच मांडली, एक एक करून, जशी दगडावर मांडायचे. वाऱ्यानं उडायला लागली तशी हातानं दाबून धरली. लांबून मिरवणुकीचा ताशा ऐकू येत होता.

“सावली बरी हाय तिला,” म्हणाले.

मला वाटलं होतं ओरडतील, सरपंचाला शिव्या घालतील. घालायला पाहिजे होत्या! मग त्यांनी उजवीकडं बघितलं — पेव्हर ब्लॉक. डावीकडं पिंजऱ्याचे पाय रोवलेले. मागं बघितलं.

“मग मला कुठं बसवशील गं?”

काय सांगणार होते? उद्या ग्रामसभा आहे, म्हटलं. उद्या तोडायला लावते.

१ मे

ग्रामसभा. कोरम नाही म्हणून तहकूब. मग चहा झाला, अन् तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून तेवढ्याच लोकांत परत सुरू! असला खेळ.

मी उभी राहिले. सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, रडले नाही. हणमंतराव खुर्चीत रेलून ऐकत होते.

“ताई, तुमच्या भावनेचा आदर हाय. पण शासकीय मालमत्ता हाय. तोडली तर माझ्यावर गुन्हा दाखल होतो. अन् उलट बघा, दफनाला जागा लई लागती. समाजानं आता बदलायला पायजे.”

“तुमच्या वडलांना तुमच्याच शेतात बसवलंत. वर संगमरवराची समाधी बांधली. तवा न्हाई बदलावं वाटलं?”

मागं कुणीतरी हसलं. हणमंतराव लाल झाले. भाऊसाहेब खाली मान घालून काहीतरी लिहायला लागले. मी स्वामींकडं बघितलं, ते छताकडं. समाजाची एवढी माणसं बसली होती, एकाचंही तोंड उघडलं नाही. ज्यांना शेत आहे ते तर आरामात, त्यांची सोय झालेली. ज्यांना नाही त्यांना घरकुल पाहिजे, नळ पाहिजे, सरपंचाची सही पाहिजे. कोण बोलणार?

एक म्हातारा तेवढा पुटपुटला, “शेडाचा वापर न्हाई म्हणून वरून विचारणा आली म्हणं.”

“आली,” भाऊसाहेब म्हणाले. “वापर दाखवावा लागंल.”

मग ठराव झाला. काय ठराव? शेडला रंग देणे! सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते! मी तिथंच बसले होते.

निघताना भाऊसाहेब मागं आले, गाडी चक्क बंद करून. “ताई, मी खरं सांगू का, मलाबी वाईट वाटतंय.” वाईट वाटतंय म्हणे. त्या वाटण्याचं मी काय करू, दळू?

आप्पा ओसरीवर वाट बघत होते. “काय झालं?” विचारलं.

रंग देणार आहेत, म्हटलं.

२ मे

गिरणी बंद. कुणाचंही दळण घेतलं नाही. आलेल्यांना सांगितलं, जा, सरपंचाकडून दळून आणा.

आप्पा दिवसभर भिंतीकडं तोंड करून. दोन घोट दूध घेतलं.

४ मे, रविवार

सकाळी आप्पांनी स्वामींना बोलावून घेतलं. मला वाटलं, तळ्यापलीकडच्या जागेला हो म्हणणार.

“स्वामी, मला पुरू नका,” म्हणाले. “त्या ओट्यावर जाळा. रत्ना खालीच हाय. राख तरी तिच्यावर पडंल.”

स्वामींना घाम फुटला. लिंगायताला जाळायचं? धर्मात बसत नाही, मी येणार नाही, आग कुणी देणार नाही, म्हणाले.

“ही दील,” म्हणाले आप्पा, अन् माझ्याकडं बघितलं.

मी हाव म्हणाले.