साफ फोटो

खापरखेडा,
८ डिसेंबर १९८१

प्रिय दादा,

प्रिय लिहिताना हात अडखळला. पण डॉक्टरसाहेब लिहिलं असतं तर तुला बरंच वाटलं असतं, म्हणून नाही लिहिलं.

सहा वर्षांपूर्वी मी धरमपेठेत तुझ्या दवाखान्यात आले होते. सासूबाई सोबत होत्या. जिना उतरताना गुडघ्यात कळ येते, बसलं की उठवत नाही, एवढंच मी सांगितलं. तू एक्स-रे खिडकीशी धरलास आणि माझ्याकडे न बघता त्यांना म्हणालास, "फोटो एकदम साफ आहे. हिला लहानपणापासून कामाचा कंटाळा." घरी पोचायच्या आतच त्या म्हणाल्या, "काहून वं गोपिका, सख्खा भाऊच म्हणते काही नाही, तं मी कोणाचं ऐकू?" त्यानंतर कॉलनीत खालच्या नळावरून दुसऱ्या मजल्यावर पाणी मीच चढवलं. कण्हले की सगळे तुझं वाक्य ऐकवायचे. आता काठीशिवाय चालवत नाही. शाळेतली नोकरी सुटली.

यंदा पोळ्यानंतर धंतोलीत एका नव्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी गुडघ्यात सुईनं औषध आणि हवा सोडून फोटो काढला. म्हणाल्या, हाडांच्या टोकांवरची कूर्चा साध्या एक्स-रेत दिसतच नाही. ती झिजून हाडं जवळ आली की मग दिसतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. माझी जवळजवळ संपली आहे. तू अडाणी असतास तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण माझा फोटो बघितलास त्याच वर्षी तुझ्याकडे येणाऱ्या एका न्यायाधीशांच्या बायकोला याच तपासणीसाठी तू मुंबईला धाडलं होतंस. वहिनी कौतुकानं सांगत होती. तिचा एक्स-रेही साफच होता, दादा. तिला कंटाळा आला असेल असं तू म्हणाला नाहीस.

हे सगळं मी गिळलं असतं. पण गेल्या सोमवारी तारा कॉलेजातून परस्पर बस धरून माझ्याकडे आली. तुझी एकुलती एक लेक, खो-खोची खेळाडू, लंगडत होती. "आत्या, बाबा म्हणते नखरे करून राहिली. एक्स-रे साफ हाय म्हणते." मी तिला तशीच धंतोलीला नेलं. तिच्या कूर्चेला झीज लागली आहे, पण आत्ताच लागली आहे. खेळ वर्षभर बंद ठेवला, मांडीचे व्यायाम केले, तर गुडघा वाचू शकतो. ती रडली. दुखण्यानं नाही, खरी ठरली म्हणून. आता तुला सांगायला घाबरते, म्हणून मी सांगते आहे. तू येईपर्यंत ती माझ्याकडेच राहील. न्यायला ये, पण बाप म्हणून ये, आणि आधी तिची माफी माग. माझी मागू नकोस. मी ती देणार नाही.

तुझीच म्हणवत नाही,
गोपिका